साततालहून परत आल्यावर, लेकीस

वडगाव शेरी, पुणे
जून, रविवार संध्याकाळ

चि. लेकीस,
पप्पांचे अनेक आशीर्वाद.

तू येरवड्यात, आम्ही इथे. रिक्षाने वीस मिनिटं लागत नाहीत, आणि मी तुला पत्र लिहायला बसलोय. फोनवर आपण दोघं 'जेवलीस का' आणि 'मम्मीचे गुडघे कसे आहेत' याच्या पुढे गेलो नाही, त्याला आता सव्वा वर्ष होईल. समोरासमोर बसलो की माझा आवाज चढतो. लिहिताना चढत नाही. तेवढ्यासाठी हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

मे महिन्यात मी नैनीतालजवळच्या साततालला जाऊन आलो हे मम्मीने तुला सांगितलं असेलच. तिला डोंगरातले चढउतार झेपले नसते, म्हणून एकटाच गेलो. झेलमने दिल्ली, तिथून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस, पहाटे काठगोदाम. पुढे जीप. भीमताल मागे पडलं की रस्ता बांज (ओक) आणि चीडच्या (पाइनच्या) जंगलात शिरतो, आणि एका वळणावर खाली पाणी दिसतं. राम, लक्ष्मण, सीता अशी नावं असलेले एकमेकांना लागून तलाव, शिवाय नल-दमयंती, गरुड, पूर्ण असे आजूबाजूला. उंची साधारण १,३७० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराएवढीच, पण हवा निराळी. पहाटे पाण्यावर धुकं असतं आणि त्यातून कस्तुर पक्ष्याची शीळ येते, अगदी माणसाने वाजवावी तशी. पहिल्या दिवशी मी वळून पाहिलं, कोण बोलावतंय म्हणून.

तलावाच्या काठावरच आश्रम आहे. ख्रिस्ती आश्रम. १९३० साली स्टॅनली जोन्स या मेथडिस्ट पंथाच्या अमेरिकन मिशनऱ्याने, एथेल टर्नर नावाच्या मिशनरी बाई आणि युनस सिन्हा हे भारतीय पाळक यांना बरोबर घेऊन तो सुरू केला. जोन्स १९०७ साली लखनौला आले. गांधीजींशी त्यांचा स्नेह होता, साबरमतीला राहून त्यांनी आश्रम म्हणजे काय ते जवळून पाहिलं होतं. त्यांनी गांधीजींवर लिहिलेलं पुस्तक पुढे मार्टिन ल्युथर किंग यांच्या हाती पडलं आणि अहिंसेच्या वाटेवर त्यांना त्याचा आधार झाला. एक गोष्ट मला तिथेच कळली आणि तेव्हा तुझी आठवण आली. १९२८ साली त्यांना बिशप म्हणून निवडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी राजीनामा दिला. माझं काम हे नव्हे, म्हणाले. तू राजीनामा दिलास त्या संध्याकाळी मी तुला काय काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतंय.

आश्रम ही कल्पना आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांना नवी नव्हती हेही तुला सांगायला हवं. नारायण वामन टिळकांनी १९१७ सालीच साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला होता. त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला, तो पुढे पुण्यात आला. शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम त्याच परंपरेतला. लहानपणी तुला नाताळात तिथे नेलं होतं, तू व्हरांड्यात झोपून गेली होतीस. आपलंच इतकं जवळचं असताना मी काठगोदामपर्यंत गेलो, कारण मला इथून, ओळखीच्या माणसांपासून, लांब जायचं होतं.

साततालला गेल्यावर पदव्या बाहेर ठेवायच्या असतात. रेव्हरंड नाही, डॉक्टर नाही, मॅनेजर साहेब नाही. सगळे भाऊ आणि बहिणी. जोन्स स्वतःला 'ब्रदर स्टॅनली' म्हणवून घेत. पहिल्या बैठकीला नाव आहे 'मोकळ्या हृदयाची घटका'. गोल बसायचं आणि तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. मी इथे का आलो? मला काय हवं आहे? मला खरी गरज कशाची आहे? माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, मला शांती हवी आहे. सगळ्यांनी मान डोलावली. चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे मी, कोऱ्या चेहऱ्याने नीट बसेल असं उत्तर देणं मला जमतं.

तिसऱ्या दिवशी कामांची यादी लागली. तिथे रोज एक तास सगळ्यांनी काम करायचं. कुणी भांडी, कुणी भाजी चिरणं, कुणी वाट झाडणं. माझ्या नावापुढे संडास होते. खालच्या बाजूचे चार संडास.

बाळा, तू आजोबांना पाहिलंस ते खुर्चीत बसलेले, पांढऱ्या लेंग्यातले, पोरांना इंग्रजी शिकवणारे. त्यांचे वडील नगर जिल्ह्यात महारवाड्यात जन्मले. मेलेलं जनावर ओढून न्यायचं, चावडी झाडायची, सांगावा घेऊन उन्हातान्हात पळायचं, ही गावकीची कामं त्यांच्या वाट्याला आली, ती त्यांनी निवडली नव्हती. मिशनच्या शाळेत ते चार इयत्ता शिकले, बाप्तिस्मा घेतला आणि गाव सोडलं. आजोबा मास्तर झाले. आजोबांनी मला घरात केरसुणीला हात लावू दिला नाही. एकदा, सहा-सात वर्षांचा असेन, मी हौसेने अंगण झाडायला घेतलं. ते शाळेतून आले, केरसुणी हातातून काढून घेतली आणि मला काही न बोलता आत नेलं. आत गेल्यावर ते रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच.

म्हणून तू कंपनी सोडून कचरावेचक बायकांच्या संघटनेत जाते म्हणालीस तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. तीन पिढ्या खपल्या हातातला झाडू टाकायला, आणि तू पगार सोडून तो उचलायला निघालीस. तू उत्तर दिलं नव्हतंस. फक्त म्हणालीस, "पप्पा, काम घाण नसतं, ज्या अटींवर करायला लावतात त्या घाण असतात." मी दार लावून घेतलं.

तर, ते चार संडास. बादली, फिनाईल, लांब दांड्याचा ब्रश घेऊन मी गेलो. नळाचं पाणी इतकं गार की बोटं लाल झाली. दारात एक म्हातारे गृहस्थ चहा घेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. बरेलीचे. उभी हयात नगरपालिकेत सफाईत गेलेली, आता निवृत्त, दर उन्हाळ्यात आश्रमात येतात. तिकडच्या मेथडिस्ट चर्चमध्ये अशी कितीतरी घरं आहेत, त्यांच्या पूर्वजांना हेच काम जन्माने मिळालेलं. ते काही वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "भाईसाहब, सीधा मत रगड़िए. तिरछा पकड़िए, नीचे से ऊपर." मी तिरका धरला. खरंच, कडेचा पिवळा थर सुटायला लागला. चाळीस वर्षांचं ज्ञान ते मला चहा पिता पिता देत होते, आणि उठू बघत होते. ब्रश हातात घ्यायला. त्यांना बसून राहणं जड जात होतं. मी म्हटलं, आज तुमची सुट्टी आहे. ते हसले आणि म्हणाले, "यही तो सीखने आता हूँ यहाँ. बैठना."

रात्री बैठकीत आश्रमाच्या सुरुवातीच्या दिवसांची गोष्ट निघाली. जोन्स यांनी तिथे एक नियम केला होता. आठवड्यातून एक दिवस नोकरमाणसांना सुट्टी, सफाई कामगारालासुद्धा, आणि त्या दिवशी त्यांचं काम आश्रमातल्या लोकांनी करायचं. एक ब्राह्मण गृहस्थ ख्रिस्ती होऊन तिथे आले होते. ते या कामाला पुढे येईनात. जोन्स यांनी विचारलं, तुम्ही कधी? त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, ब्रदर स्टॅनली, माझं परिवर्तन झालंय, पण अजून तिथपर्यंत झालेलं नाही.

सगळे हसले. मला हसू आलं नाही. राग आला, तुला खरं सांगतो. एक दिवस झाडू हातात घेणाऱ्याची गोष्ट नव्वद वर्षं सांगतात. माझ्या आजोबांच्या हाती तो जन्माने आला, त्यांची गोष्ट कोण सांगतं? त्यांना कुणी विचारलं होतं का, तुम्ही कधी म्हणून? बैठक संपल्यावर तिथे मौन असतं, सकाळपर्यंत कुणी बोलत नाही. मी तलावाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. पलीकडच्या काठावर चहाच्या टपरीचा एक दिवा होता, तोही विझला. राग पाण्यात सोडून द्यावा असं वाटत होतं, सुटेना.

मग ते बरेलीचे काका डोळ्यांसमोर आले, खुर्चीवर अवघडून बसलेले. आणि मला ती गोष्ट उलट बाजूने दिसली. मी इतका वेळ झाडू कुणी घेतला तेच बघत होतो. नियमाचं पहिलं वाक्य सुट्टीचं आहे. सफाई कामगाराला सुट्टी. त्याने एक दिवस बसून चहा प्यावा यासाठी बाकी सगळं. आणि तू हेच करत होतीस. तू मम्मीला सांगत होतीस ते मी आतल्या खोलीतून ऐकलं आहे, दार लावलेलं असलं तरी. ओल्या-सुक्याचं वर्गीकरण, हातमोजे, ओळखपत्र, आजारी पडली तर त्या दिवसाचे पैसे, पावसात बसायला शेड. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली याच शहरात उभी राहिली, तेव्हा मी इथेच होतो, बातमी वाचली असेल आणि पान उलटलं असेल. माझ्या आजोबांच्या बाजूने कुणी असं उभं राहिलं असतं तर आजोबांचे, म्हणजे तुझ्या पणजोबांचे, हात म्हातारपणी तसे झाले नसते. मी समजत होतो की आपल्या घरातला झाडू कोपऱ्यात गेला म्हणजे प्रश्न मिटला. आपल्या दारातला कचरा उचलणारी बाई तर रोज येत होती. तिचं नाव मला माहीत नव्हतं. मम्मीला माहीत आहे.

तुझ्या आजोबांचं चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस. त्यांनी केरसुणी हिसकावली म्हणून मी शिकलो आणि मी शिकलो म्हणून तुला सोडायला नोकरी तरी होती. हे तू मनात धर. माझी चूक वेगळी आहे आणि ती माझ्या एकट्याची आहे.

ती चूक अशी. सव्वा वर्ष मी चर्चमध्ये सांगत आलो की तू अजून सॉफ्टवेअरमध्ये आहेस. दर रविवारी कुणी ना कुणी विचारायचं, आणि मी म्हणायचो, चाललंय, कंपनीचा व्याप फार आहे. हातात उपासना संगीताचं पुस्तक घेऊन म्हणायचो. मम्मी शेजारी उभी असायची आणि जमिनीकडे बघायची. तिला मी खोटं बोलायला लावलं नाही, गप्प राहायला लावलं, आणि ते जास्त वाईट झालं.

शेवटच्या दिवशी आश्रमात 'भरून वाहणाऱ्या हृदयाची घटका' असते. जे मिळालं ते सांगायचं. मी उभा राहून एवढंच बोललो, पहिल्या दिवशी मी शांती मागितली, ते खोटं होतं. मला माझ्या मुलीची क्षमा हवी आहे, आणि तिच्याबद्दल मी लोकांना खोटं सांगितलं आहे. माझ्या हिंदीत ते अडखळतच आलं. निरोप घेताना तिथे तीन बोटं वर करून 'येशू प्रभू आहे' म्हणतात. बरेलीच्या काकांनी बोटं वर केली, मग तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पण नैनीतालच्या डोंगरात अनोळखी माणसांपुढे बोलणं सोपं होतं. आज सकाळी उपासना संपल्यावर बाहेर चहा चालू होता. पाळकसाहेबांनी विचारलं, लेक कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. ती कचरावेचक बायकांबरोबर काम करते, सव्वा वर्ष झालं, मी तुम्हाला आजवर चुकीचं सांगत होतो. दोघा-तिघांचे चेहरे बदलले. एकाने विषय पावसाकडे नेला. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात तिला तरुण मंडळापुढे बोलायला बोलवा. यायचं की नाही ते तू ठरव, मी हो म्हटलेलं नाही. परतताना रिक्षात मम्मीने माझा हात धरला होता.

आता एक विचारायचं आहे. तुमची सकाळची फेरी साडेसहाला सुरू होते असं मम्मी म्हणाली. येत्या गुरुवारी मी येऊ का? पत्रकं वाटायला किंवा भाषण ऐकायला नाही. बरोबर चालायला, आणि ज्या सोसायट्या अजून ओला-सुका एकत्र देतात तिथल्या लोकांशी बोलायला. म्हाताऱ्या बँकवाल्याचं लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे. हातमोजे मी आणले आहेत, दोन जोड. ते टिकाऊ आहेत का ते तूच बघून सांग, मला त्यातलं कळत नाही.

भीमतालच्या बाजारातून तुझ्यासाठी बुरांशच्या फुलांचं सरबत आणलंय. लालभडक रंग आहे. बाटली फ्रीजमध्ये आहे, मम्मीने दोनदा उघडू का विचारलं, मी थांबवलं आहे.

तुझा,
पप्पा