अल्बम सुचवताना एवढे तरी लिहा

संपादक महोदय,

वाचकांनी सध्या ऐकत असलेले अल्बम एकमेकांना सुचवायचे, ही पुरवणीतली प्रथा फार चांगली आहे. चित्रपटसंगीतात ती सहज निभते, कारण गाण्याचे नाव सांगितले की ते गाणे सापडते. रागसंगीताचे तसे नाही. तिथे ‘किशोरीताईंचा भूप जरूर ऐका’ एवढ्यावर शिफारस संपली, तर ऐकणाऱ्याच्या हाती काय लागेल याचा नेम नसतो.

गायिका किशोरी आमोणकर आणि भूप राग एवढेच शोधले, तर मैफलींतली कितीतरी ध्वनिमुद्रणे समोर येतात. जाणकार ज्याबद्दल हळवे होऊन बोलतात तो भूप एचएमव्ही कंपनीच्या एलपीवरचा, म्हणजे लाँग-प्ले तबकडीवरचा. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे. भूपात आधी विलंबित (संथ) ‘प्रथम सूर साधे’ आणि मग द्रुत (जलद) ‘सहेला रे’. मोबाइलवरून फिरते ते बहुधा एकटे ‘सहेला रे’. द्रुतातली ती पुकार इतकी आत जाते, कारण विलंबितात गंधार (ग) आणि धैवत (ध) आधीच कानात मुरलेले असतात. म्हणून शिफारस करताना दोन्ही बंदिशींचे (रचनांचे) पहिले शब्द लिहावेत आणि त्याच क्रमाने ऐका असे स्पष्ट सांगावे. बंदिशीचे बोल हा सर्वांत खात्रीचा पत्ता आहे. रागाचे नाव चुकीचे पडलेले असू शकते, बोल ऐकून पडताळता येतात.

रागाच्या नावांचा घोळ तर पदोपदी दिसतो. भूप आणि देशकार या दोघांचेही स्वर सा रे ग प ध, त्यामुळे ऑनलाइन प्रतींवर एकाचे लेबल दुसऱ्याला लागते. गाणे गंधाराशी येऊन विसावत असेल आणि पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) रमत असेल तर भूप. धैवतावर ठाण मांडून उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) खेळत असेल तर देशकार, आणि तो सकाळचा. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही असेच. कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि पंचम वर्ज्य ही सामग्री तिघांची सारखीच. मारव्यात रिषभ-धैवताचा आग्रह असतो आणि षड्ज (सा) मुद्दाम लांबवला जातो, पूरिया गंधार-निषाद धरून मंद्राकडे (खालच्या सप्तकाकडे) झुकतो, सोहनी तारसप्तकात चमकते. ही दोन वाक्ये शिफारशीत आली तर नवख्या श्रोत्याला केवढा आधार होतो! १९६०च्या आसपासची गायक अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी सुचवताना तर ती हवीतच. मारव्यात षड्जासाठी ताटकळायला लावणे हाच रागाचा प्राण आहे हे माहीत नसले, तर नवा श्रोता पाच मिनिटांत ‘गाणे कुठे टेकतच नाही’ म्हणून उठतो. विलंबित ‘पिया मोरे अनत देस’ झूमरा तालात आहे. चौदा मात्रांचे ते संथ आवर्तन सुरुवातीला बोटांवर मोजत बसू नये. मुखडा (बंदिशीची पहिली ओळ) समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो तेवढेच तीन-चार आवर्तने ऐकावे, पुढचे आपोआप उलगडते.

लांबी लिहिणेही तितकेच महत्त्वाचे. एलपीची एक बाजू साधारण २० ते २५ मिनिटांची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीची बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. कुणी एलपीवरचा राग म्हणून सहा मिनिटांची फाइल पाठवली, तर तो तुकडा आहे हे लगेच ओळखावे. उलट गायिका केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे. १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली ती हीच. तेवढ्या वेळात राग पुरा उभा करायचा ही त्या काळच्या कलावंतांची वेगळीच तालीम होती. ते तुटक नव्हे.

वर्षाच्या बाबतीत ॲपवर विसंबू नये. तिथे पुष्कळदा नव्या आवृत्तीचे किंवा संकलनाचे साल असते. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम १९६७चा. संतूर शिवकुमार शर्मांचे, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काब्रांची आणि तबला माणिकराव पोपटकरांचा. चौथे नाव शिफारशींत जवळजवळ नेहमी गळते आणि याचे वाईट वाटते. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात रंगवला आहे. पहाटेच्या अहिर भैरवाने सुरुवात होते, शेवट पहाडीने होतो. नंतरच्या सीडीवर मूळ एलपीत नसलेल्या रचना शेवटी जोडल्या गेल्या. त्या वाईट नाहीत, पण मूळ अल्बम पहाडीपाशी संपतो हे सुचवणाऱ्याने सांगायला हवे. शफल (ट्रॅकचा क्रम उलटापालटा करणारी सोय) चालू असेल तर पहाटेच्या आधी रात्र येते. शफल बंदच करावे.

ॲपच्या सेटिंगमध्ये आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक क्रॉसफेड, म्हणजे एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यावर सुरू करणारी सोय, तो शून्यावर आणावा. नाहीतर विलंबिताची शेवटची तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) आणि द्रुताची आमद (सुरुवात) एकमेकांवर चढतात. दुसरी आवाज समान पातळीवर आणणारी सोय. विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असतील आणि प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे एका पातळीला ओढला गेला, तर गाण्यात हळूहळू चढत गेलेला जोर सपाट होतो. ऐकायला साधे का होईना, पण हेडफोन किंवा मोठे स्पीकर घ्यावेत. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या पुरुषी पट्टीच्या तंबोऱ्याचा खर्ज (सर्वांत खालचा सा) साधारण ७० हर्ट्झचा असतो. मोबाइलच्या स्पीकरमधून तो बाहेरच पडत नाही, आणि मग गाणे आधाराविना लटकल्यासारखे वाटते.

पट्टीची शंका आली तर तीही कळवावी. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगची डिजिटल फाइल ४८ची समजून वाजली की वेग जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढतो आणि काळी एकचे गाणे पांढरी दोन व काळी दोनच्या मध्ये जाऊन बसते. आवाज पातळ होतो, ताना नाहक चपळ वाटतात. ही चूक फसवी आहे, कारण गाणे बेसूर होत नाही, फक्त गायक बदलल्यासारखा वाटतो. लाखेच्या जुन्या तबकड्यांत तर ७८ हा आकडाच पक्का नव्हता. ८० फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८वर वाजवली तर गाणे जवळजवळ पाव स्वराने खाली येते. दोन प्रती दोन पट्टींत असतील, तर तंबोऱ्याची किंवा पेटीची पट्टी वाद्यावर जुळवून पाहावी. कोणत्याही ठरावीक पट्टीला न जुळता ती मधेच लटकत असेल, तर त्या प्रतीचा संशय धरावा.

काही रसिक अजून प्रत्यक्ष तबकड्याच एकमेकांना देतात. त्यांच्यासाठी थोडे. तबकड्या उभ्या ठेवून न्याव्यात, आडव्या रचल्या की वाकतात. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन, ७८च्या तबकडीच्या सुईची ७५च्या आसपास. एलपीच्या सुईवर लाखेची तबकडी वाजवली तर सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, खरखर वाढते आणि सुईही खराब होते. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, लाख विरघळते. या विषयात खोल जायचे असेल त्यांनी १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे काम पाहावे. तबकडीवरच्या क्रमांकापासून साथीदारांपर्यंत सगळे नोंदवण्याची शिस्त तिथे दिसते.

शिफारशींसाठी जागा कमी असते, याची जाणीव आहे. तरीही कलावंत, राग, बंदिशीचे बोल, ताल, साथीदार, प्रकाशक आणि लांबी एवढे तीन ओळींत बसते. त्यासाठी ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय’ ही विशेषणे कापावी लागली तर खुशाल कापा. पण तबलजी आणि पेटीवाल्याचे नाव मात्र कापू नका.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली