बातम्या सोडू नकोस

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "सगळेच खोटं सांगतात, मी बातम्या बघणंच सोडलंय." तुझा वैताग मला कळतो. मे २०२५ मध्ये कराची बंदर बेचिराख झाल्याचं आपल्या वाहिन्या सांगत होत्या आणि ते खोटं निघालं, तेव्हा मलाही असाच उबग आला होता. तरी सोडू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ तू अभ्यासाला वाचलीस ती कादंबरीकार म्हणून. माझ्या मनात ती आहे ती कात्रणं काढणारी बाई. १९३१ ते १९३७ या काळात तिने कात्रणांच्या तीन वह्या भरल्या. ससेक्स विद्यापीठाने त्या जपल्या आहेत. स्पेनमध्ये यादवी पेटली, तिचा भाचा ज्युलियन तिथे रुग्णवाहिका चालवायला गेला आणि जुलै १९३७ मध्ये मारला गेला. २९ वर्षांचा पोरगा गं! पुढच्याच वर्षी तिचं 'थ्री गिनीज' हे पुस्तक आलं. युद्ध कसं टाळायचं, असं विचारणाऱ्या एका वकिलाला तिने दिलेलं हे उत्तर. त्यात ती सांगते, राजकारणातली एक गोष्ट कळायची तर निदान तीन वेगळी वर्तमानपत्रं वाचा, ताडून पाहा आणि मग आपलं मत करा. प्रत्येक वर्तमानपत्रामागे कुणाचा तरी पैसा असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ती जास्त वाचायची.

आणि नुसत्या लढाईच्या बातम्या नाहीत. बायकांमुळे पुरुष बेकार झालेत, त्यांनी घरी बसावं, असं एका इंग्रजी दैनिकातलं पत्र तिने उचललं. त्याच्या शेजारी पुरुषांचं जग वेगळं, बायकांचं वेगळं, असं बजावणारा जर्मन हुकूमशहा हिटलरचा उतारा ठेवला आणि विचारलं, दोघांत फरक तो काय? हुकूमशहा तिला स्वतःच्याच देशाच्या वर्तमानपत्रात सापडला. ते पान वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. पहिल्या पानावरच्या युद्धाची मुळं अशी आतल्या पानावर असतात, हे मला तिच्यामुळे दिसलं.

तू एकच बातमी घे. मराठीत वाच, इंग्रजीत वाच, मिळालं तर सीमेपलीकडच्या पत्रातही वाच. कुणी काय गाळलंय ते वहीत लिही, तारीख आणि पेपरचं नाव घालून. रविवारी फोन करशील तेव्हा कुठली बातमी घेतलीस ते सांग, मीही तीच वाचून ठेवेन.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई