पावसातलं रेल्वेचं गाव

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही मी राहते त्या प्रिन्स रूपर्टबद्दल, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या गावाबद्दल, विचारलंत, "एवढ्या पावसात तिथे गाव वसवलं तरी कुणी?" तेव्हा घाईत होते, म्हणून आज निवांत लिहायला बसले. उत्तर तुम्हाला आवडेल. रेल्वेवाल्याने!

चार्ल्स हेज, ग्रँड ट्रंक रेल्वेचे अध्यक्ष. खोल, थंडीतही न गोठणारं बंदर, आणि आशियाला व्हँकुव्हरपेक्षा जवळ. इथे मोठं शहर उभं करायचंच, असा त्यांनी ध्यास घेतला. जागा म्हणाल तर खडक आणि दलदल. सुरुवातीचे रस्तेसुद्धा लाकडी फळ्यांचे होते. १९१० साली प्रिन्स रूपर्टला शहराचा दर्जा मिळाला, तेव्हा रूळ अजून पुरते जोडलेही नव्हते.

१९१२ च्या एप्रिलमध्ये हेज इंग्लंडहून परत निघाले ते टायटॅनिकने. पत्नी आणि मुलगी वाचल्या. ते आणि जावई गेले. दोन वर्षांनी मार्ग पूर्ण झाला, पण लगेच महायुद्ध पेटलं आणि १९१९ मध्ये हा मार्ग बांधणाऱ्या उपकंपनीचं दिवाळं निघालं. गावाला जगवलं ते मासळीने, हॅलिबट आणि सामनने. हेजना हवी होती तशी आशियाची कंटेनर जहाजं धक्क्याला लागली ती थेट २००७ मध्ये.

नगरपालिकेशेजारी त्यांचा पुतळा आहे. काल तिथे थांबले होते. कोटाच्या बाहीवरून पाणी ओघळत बोटांच्या टोकाशी येत होतं, थेंब थेंब पडत होतं. बाबा, मला एकदम तुम्ही आठवलात, रात्रपाळीहून भिजून दारात उभे राहायचात तसे.

"वसवलं" हा शब्द मात्र आता माझ्या तोंडी येत नाही. इथले मूळ रहिवासी असलेल्या त्सिमशियन लोकांची गावं या खाडीकाठी हजारो वर्षांपासून आहेत. सामन नदीत कधी चढतो, कुठे वाळवायचा, हे सगळं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. त्यांच्याच जमिनीवर रेल्वेने शहर उभं केलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आई, इथला पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत आवरत नाही, तेव्हा रेनकोट आणच. आणि विमानाने थेट येऊ नका. जॅस्परहून आगगाडी आहे, दोन दिवसांची, रात्री प्रिन्स जॉर्जला मुक्काम. दुसऱ्या दिवशी स्कीना नदी रुळांना लागून चालते. बाबांना खिडकीकडची जागा द्या.

तुमची,
छोटी