टायमिंग चेनचा आवाज आणि टेन्शनरची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारसायकलींच्या डागडुजीवर आलेला लेख मी येथे इंग्लंडमध्ये ई-आवृत्तीत वाचला. लेखकाला जुन्या यंत्रांविषयी वाटणारा जिव्हाळा त्यात ओळीओळीतून दिसतो आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मात्र त्यातील एका सल्ल्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. दोन सिलिंडरच्या जुन्या फोर-स्ट्रोक इंजिनात टायमिंग चेन (क्रँकच्या जोरावर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) वाजू लागली, तर मूळचा टेन्शनर (ती ताणून धरणारा भाग) काढून नव्या पद्धतीचा ऑटोमॅटिक टेन्शनर बसवावा, म्हणजे प्रश्न कायमचा मिटतो, असे लेखात म्हटले आहे. लेखासोबत ज्या यामाहा एक्सएस ६५० गाडीचे छायाचित्र छापले आहे, तिच्या बाबतीत तरी हा सल्ला घातक आहे. तो मी स्वतः अमलात आणून पाहिला आणि त्याची किंमत मोजली, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे दोन सिलिंडरची जुनी गाडी म्हटली की एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काढलेली राजदूत ३५० आठवते. ती टू-स्ट्रोक, तिला कॅमशाफ्टच नाही, मग टायमिंग चेन कुठून असणार? जुन्या बुलेटचे कॅम गिअरवर फिरतात आणि व्हॉल्व्ह पुशरॉडने, म्हणजे लांब कांड्यांनी, उघडतात. म्हणजे आपल्या जुन्या, हौसेने जपलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत ही चेन नाही. ती आपल्या गल्लीतल्या गॅरेजपर्यंत आली ती मुख्यतः १९८५च्या हिरो होंडा सीडी १०० आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या छोट्या गाड्यांबरोबर. त्या गाड्यांत स्प्रिंग आणि तेल यांच्या जोरावर चेनला टेकलेल्या पट्टीला रेटणारी कांडी असते, आणि ‘टायमिंग चेन वाजते’ अशी तक्रार आली की मिस्त्री टेन्शनर बदलून देतो. एका सिलिंडरच्या लहान इंजिनात या सवयीने बहुधा काम भागते. तीच सवय एक्सएस ६५०वर लादली की बिघडते.

हे इंजिन १९७०पासून विक्रीस आले. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर, स्ट्रोक ७४, एकूण ६५३ सीसी, आणि दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली जाणारे. दोन सिलिंडरांच्या मधल्या पोकळीतून एक लांब चेन क्रँकवरून वर कॅमशाफ्टपर्यंत जाते. इंजिन चालू असताना चेनची पुढची बाजू ओढली जाते आणि मागची सैल राहते. म्हणून पुढे रबर चिकटवलेले स्थिर गाईड आहे, तर मागे वाकणारी पट्टी आणि तिला दाबणारा टेन्शनर. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला कधी अडवतात, कधी उलट पुढे ढकलतात, त्यामुळे चेनवरचा ताण प्रत्येक फेऱ्यात वाढतो आणि उतरतो. यामाहाच्या टेन्शनरमधली कांडी स्प्रिंगवर तोलून ठेवलेली आहे, ती या चढउतारासोबत किंचित मागेपुढे होत राहावी म्हणून. मागचे घुमटाकार टोपण काढून, इंजिन मंद गतीवर ठेवून पाहिले, तर ॲडजस्टरच्या मधोमध ती हलताना डोळ्यांना दिसते. कांडीचे टोक ॲडजस्टरच्या कडेशी सपाट येईपर्यंत ॲडजस्टर फिरवायचा आणि तो जागच्या जागी धरणारा चेकनट आवळायचा, एवढेच त्याचे सेटिंग आहे. इतकी साधी आणि इतकी उघड तपासणी ठेवणाऱ्या त्या अभियंत्यांविषयी मला आजही आदर वाटतो.

ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या टेन्शनरांपैकी अनेकांत दाते असलेली कांडी असते. ती पुढे येते, पण मागे जात नाही. आता विचार करावा: सिलिंडर ॲल्युमिनियमचे, चेन पोलादाची. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, क्रँक आणि कॅम यांतले अंतर वाढते आणि चेन थंड असतानापेक्षा घट्ट होते. मूळच्या टेन्शनरमधली कांडी अशा वेळी मागे सरते. दात्यांची कांडी मात्र चेन सर्वांत सैल असण्याच्या क्षणी पुढे येऊन अडकते आणि गरम इंजिनातही तिथेच उभी राहते. आवाज थांबतो, हे खरे. पण तो थांबतो तो ताण जरुरीपेक्षा वाढल्यामुळे.

माझी गाडी १९७५ची आहे. सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी तसा टेन्शनर बसवला, आणि पहिल्याच दिवशी चेनची खळखळ बंद झाल्यावर मला फार समाधान वाटले होते. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी तळाच्या जाळीत काळ्या रबराचे तुकडे निघाले. या फ्रेममध्ये हेड (सिलिंडरवरचे झाकण) उचलायला वरती जागा नाही, त्यामुळे संपूर्ण इंजिन खाली उतरवावे लागले. सिलिंडर वर काढल्यावर पुढच्या गाईडचे रबर धातूपासून सुटलेले आणि चेन उघड्या धातूवर घासत असलेली दिसली. रबर जुने होते आणि ते कधीतरी सुटणारच होते, हे मी मान्य करतो. पण वाढलेल्या ताणाने ती वेळ अलीकडे आणली आणि त्याआधी मिळायला हवी होती ती आवाजाची सूचनाही माझ्यापासून लपवून ठेवली. हे दुसरे नुकसान मला अधिक मोठे वाटते.

म्हणूनच या इंजिनात टेन्शनर ‘सुधारणे’ म्हणजे काय, हे नीट मांडले पाहिजे. नवी चेन, नवे पुढचे गाईड आणि मागची नवी पट्टी ही तिन्ही एकत्र बदलावीत. चेनची जोडकडी रिव्हेट करून बसवावी, क्लिपची कधीही नको. त्यानंतर टेन्शनरकडे वळावे. कांडीवर चर पडले असतील किंवा ती आपल्या भोकात अडखळत असेल, तर ती बदलावी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे पहिले काम लेथवर होते, त्यामुळे मी खात्रीने सांगतो की अशी कांडी अचूक मापात, कडक करून, घासून देणारे कारागीर आपल्याकडे आजही आहेत. आपल्याकडे ज्यांच्या घरी ही गाडी असेल, त्यांना त्यासाठी परदेशी पार्सलची वाट पाहण्याचे कारण नाही. स्प्रिंग मात्र मूळ ताकदीचीच हवी.

चेन सैल राहू द्यावी असे मी म्हणत नाही, हेही स्पष्ट करतो. १९७९पर्यंतच्या एक्सएस ६५०मध्ये इग्निशनचे पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) कॅमशाफ्टच्या डाव्या टोकाला आहेत. चेन ढिली झाली की व्हॉल्व्ह तर उशिरा उघडतातच, शिवाय ठिणगीची वेळही डळमळते; ठिणगीची वेळ तपासणारा दिवा, म्हणजे टायमिंग लाइट, लावल्यास खूण एका जागी न राहता थरथरताना दिसते. टेन्शनरच्या दोषाने इंजिने खराब होतात हेही नवे नाही. होंडाच्या १९७८च्या सीएक्स ५०० या व्ही-ट्विनमध्ये तसे घडले, तेव्हा कंपनीने सुधारित टेन्शनर बसवून अशा इंजिनांच्या क्रमांकाशेजारी तीन ठिपके ठोकले. तिथे मूळ भागातच उणीव होती, म्हणून भाग बदलणे योग्य ठरले. एक्सएस ६५०च्या टेन्शनरमध्ये ती उणीव नाही.

महाराष्ट्रात बरेच हौशी लोक पावसाळ्यात गाडी बंद ठेवून इंजिन उघडतात, आणि तो हंगाम आता जवळ आला आहे. पुरवणीच्या पुढच्या भागात, दात्यांचा ऑटोमॅटिक टेन्शनर या इंजिनाला लागू नाही आणि आवाज आल्यास आधी तळाची जाळी काढून रबराचे कण शोधावेत, एवढा खुलासा आपण छापावा, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
मूळचा कोल्हापूरचा एक वाचक, सध्या इंग्लंड