वैशूला पत्र : फुलं, क्रोशा आणि तुझे फोटो

प्रिय वैशू,

तुझे सगळे फोटो बघितले, अगदी टाका न् टाका दिसेपर्यंत झूम करून बघितले आणि मग मेसेज टाइप करायचा सोडून सरळ पत्रच लिहायला घेतलं, कारण तू जे विचारलंयस त्याला दोन ओळींत उत्तर देऊन मला उरकायचं नाहीये. क्रोशाचा रुमाल इतका देखणा झालाय, गुलाब ताजा आहे, मग फोटोत दोघं एकमेकांना मारून का टाकतायत, असं तू म्हणतेस. मला त्याचं पहिलं कारण रंगात दिसलं. तू गुलाबी फुलाखाली तसाच गुलाबी दोरा घेतलास. आता पाकळी बघ, कडेला फिकट, आत गडद, देठाकडे पिवळसर, एका पाकळीत केवढ्या छटा, आणि दोरा मात्र सगळीकडे एकच गुलाबी. दोन्ही शेजारी आले की दोरा सपाट दिसतो, आणि त्याचा रंग जास्त भडक असेल तर उलट फूलच मळकट वाटायला लागतं.

हे तुझ्या-माझ्या डोळ्यांचे खेळ नाहीत हं. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचा एक केमिस्ट होता, पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायची मोठमोठी विणलेली चित्रं बनायची, तिथल्या रंगकामाचा प्रमुख. काळा दोरा चित्रात गेला की फिका पडतो अशी तक्रार यायची, त्याने सगळं तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारी जे निळे-जांभळे दोरे यायचे त्यांच्यामुळे डोळ्याला तो काळा कच्चा दिसायचा. त्यावर त्याने 1839 मध्ये अख्खं पुस्तक काढलं. तेव्हा तू पाकळीचा रंग सोडून दे आणि फुलाच्याच दुसऱ्या कुठल्या तरी भागातून रंग उचल. गुलाबाच्या पानाची मागची बाजू कशी फिकट, करडी-हिरवी असते, तो हिरवा घे. पांढऱ्या सदाफुलीच्या मधला लाल ठिपका घे. झिनियाच्या मध्यावर जी बारीक पिवळी फुलं उमलतात तो पिवळा घे. मग दोरा आणि फूल एकाच घरातले वाटतात आणि तरी कुणी कुणाची नक्कल करत नाही.

नक्कल म्हटल्यावर अजून एक, खऱ्या गुलाबाशेजारी विणलेला गुलाब ठेवू नकोस गं. तो कितीही सुरेख असू दे, बघणारा लगेच तुलना करतो आणि तुझी एवढी मेहनत फुकट जाते. विणलेल्या फुलाशेजारी खरी पानं ठेव, कळ्या ठेव, नेचा ठेव. आणि खऱ्या फुलाशेजारी नुसती जाळी, कड किंवा झालर. झालरीवरून आठवलं, गोल विणताना प्रत्येक घरात दोन-दोन खांब, म्हणजे उंच टाके, घालत गेलं की काठ मावेनासा होतो आणि कापड आपोआप लाटा मारायला लागतं ना, कोंबड्याचं फूल, म्हणजे तो मखमली तुरा, तोही असाच होतो, कडेची वाढ मधल्यापेक्षा जास्त झाली की चुण्या पडतात. डायना टायमिना नावाच्या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये ह्याच पद्धतीने भूमितीतली एक अवघड पृष्ठभागाची कल्पना क्रोशाने विणून दाखवली होती, विद्यार्थ्यांना हातात धरून बघता यावी म्हणून. तर अशी एक दाट झालर विण आणि तिच्या बाजूला कोंबड्याचा एकच तुरा ठेव, रंग वेगळे असले तरी चालतील, उलट वेगळेच घे, कारण तिथे सारखेपणा घडणीचा आहे, आणि मला असला फोटो बघायला फार आवडेल.

पण खरं सांगायचं तर मला तुला सांगायचंय ते ह्याच्याही पुढचं आहे. तुझ्या सगळ्या फोटोंत रुमाल खाली अंथरलेला आहे आणि फूल वर ठेवलेलं आहे, म्हणजे रुमालाला काही कामच नाही. क्रोशाला काम दे. क्रोशात भोकं असतात, तीच तर त्याची खरी ताकद! एक रुंद तोंडाचं भांडं घे, त्यात अर्ध्यापर्यंतच पाणी भर, तुझा तो पांढरा जाळीचा गोल रुमाल वरून ताणून दोऱ्याने काठाखाली घट्ट बांध आणि जाळीच्या घरांतून एकेक देठ आत सोड. देठ हलत नाही, पाहिजे त्या कोनात उभा राहतो, मधे मोकळी जागा ठेवता येते, आणि फूल जणू विणकामातूनच उगवलंय असं दिसतं. फक्त पाण्याची पातळी खाली ठेव, सुताला पाणी लागलं की ते वर चढतं आणि ओला भाग फोटोत गडद दिसतो. जाड देठाची फुलं बाहेरच्या कडेच्या मोठ्या घरांत, बारीक देठाची मधे. ह्याला सुती मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चकचकीत केलेला, दोराच चांगला, लोकर ढिली पडते आणि तिची लव देठाला चिकटते. दोऱ्याचा नंबरही बघ, नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, दहा नंबरची जाळी झिनिया, शेवंतीला छान शोभते, पण मोगऱ्यासारख्या इवल्या फुलाला तीच राकट वाटते, तिथे चाळीस नंबर घे.

वेगवेगळे मोटिफ, म्हणजे सुटे विणलेले नक्षीचे तुकडे, असतील तर आयरिश क्रोशावाल्या बायका करायच्या तसं कर. तिकडे 1845 नंतर बटाट्याचं पीक गेलं, मोठा दुष्काळ पडला, तेव्हा ह्या विणकामावर कित्येक घरांची चूल पेटली. त्या गुलाब, पानं, वेली सुट्या विणायच्या, एका कापडावर उलट्या ठेवून टाचायच्या आणि मग मधल्या मोकळ्या जागा जाळीने भरायच्या. तू जाळीच्या जागी खरी फुलं भर! मोटिफ आधी कापडावर मांड, मधे जागा सोड, आणि ताजी फुलं अगदी शेवटी ठेव, कॅमेरा सेट झाल्यावर. त्या बायका पाकळीच्या आत जाड दोरी धरून तिच्यावर मुका खांब, म्हणजे बुटका टाका, घालायच्या, म्हणून कड उचललेली दिसते, तेही करून बघ, बाजूच्या उजेडात फार सुंदर सावली पडते.

उजेडाचं सांगते. फ्लॅश नको आणि ट्यूबलाइटही बंद, खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड मिसळला की एक बाजू पिवळी, एक निळी असं काहीतरी होतं. खिडकीतून उजेड आडवा आला पाहिजे, समोरून किंवा वरून आला तर टाके दिसतच नाहीत, नुसता पांढरा डाग. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा कर, सावली थोडी सौम्य होते, पण पूर्ण घालवू नकोस, टाका दिसतो तो सावलीमुळेच. पांढरा रुमाल मोठा असला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, म्हणून तो फोटो काळपट करतो, तेव्हा मोबाइलवर टॅप करून ब्राइटनेस जरा वर सरकव. लाल फुलाला बरोबर उलटं, लाल रंग पटकन भरून जातो आणि पाकळीच्या शिरा गायब होऊन नुसता लाल गोळा उरतो, तिथे ब्राइटनेस खाली आण. म्हणूनच पांढरा रुमाल आणि लालभडक गुलाब एकत्र अवघड जातात, एकाला सांभाळावं तर दुसरा बिघडतो. तू ऑफव्हाइट किंवा तो करडा-हिरवा घे, निम्मं काम सोपं होईल.

फुलं सकाळी लवकर काढ, देठ तिरपा काप, पाण्याखाली जाणारी पानं काढून टाक आणि तासभर तरी सावलीत गळ्यापर्यंत पाण्यात उभी ठेव, मगच मांडायला घे. झिनिया तोडण्याआधी देठ धरून हलकेच हलव, मान लवलव करत असेल तर अजून तयार नाही, ताठ राहिली तर तोड. जास्वंद पाण्यात ठेवा नाहीतर नका ठेवू, एक दिवसच टिकते, म्हणून ती बिनधास्त रुमालावर आडवी ठेवता येते. लिलीचे परागकण मात्र आधी काढ, कापडावर पडलेच तर चोळू नकोस, चिकटपट्टीने उचल.

अजून एक गंमत करून बघायची आहे, आपण दोघींनी मिळून. सायनोटाइप, 1842 मध्ये जॉन हर्शेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधलेली छापायची पद्धत, कॅमेरा लागतच नाही. लोखंडाच्या क्षारांचं मिश्रण कागदाला लावून अंधारात वाळवायचं, वर रुमाल आणि नेच्याची पानं ठेवून उन्हात ठेवायचं, मग पाण्याने धुवायचं. झाकलेलं पांढरं राहतं, बाकी गडद निळं. जाळीचं प्रत्येक भोक छापलं जातं. जाड फुलाची मात्र नुसती आकृती उमटते म्हणून त्यात पानं, गवताची पाती, पातळ पाकळ्या घ्यायच्या. ते सामान मी जमवते, रुमाल तू आण.

पण आधी भांड्यावर ताणलेल्या रुमालाचं कर आणि फोटो पाठव, आणि प्लीज डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर पाठवताना फोटोची फाइल लहान होते, बारकावे जातात आणि मला टाके मोजता येत नाहीत.

तुझीच,
मीनू