शिल्लक वाढली म्हणून अपघात विमा चांगला चालला, असे ठरत नाही

प्रति,
मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: कर्मचारी राज्य विमा योजनेतील अपघात लाभांचा जिल्हावार वार्षिक हिशेब प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,

कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे हिशेब लेखापरीक्षणानंतर संसदेसमोर ठेवले जातात आणि त्यांत अनेक वर्षे खर्चापेक्षा जमा अधिक दिसत आली आहे. 1 जुलै 2019 पासून मालक आणि कामगार यांच्या अंशदानाचा एकत्रित दर पगाराच्या 6.5 टक्क्यांवरून 4 टक्के करण्यात आला, तरीही महामंडळाची गंगाजळी मोठीच आहे. या शिल्लकीचा उल्लेख कामगिरी म्हणून होतो, तेव्हा कोल्हापूरच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला विचारावेसे वाटते की, ज्यांच्यासाठी हा पैसा जमा झाला त्यांच्यापर्यंत त्यातला किती पोहोचला?

राखीव निधी नसावा, असे मी म्हणत नाही. कामावर अंगठा गमावलेल्या कामगाराची कमाईची क्षमता कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे 30 टक्क्यांनी घटल्याचे धरले जाते आणि त्या प्रमाणात त्याला हयातभर लाभ द्यावा लागतो. पंचविशीतल्या मुलाचा हात पत्रा दाबणाऱ्या प्रेस यंत्रात सापडला, तर महामंडळावर चाळीस-पन्नास वर्षांचे देणे येते, आणि त्यासाठी आजच तरतूद करणे हे शहाणपणाचेच आहे. परंतु शिल्लक दोन कारणांनी वाढू शकते: अपघात कमी झाले म्हणून, किंवा अपघात होऊनही त्यांची नोंद झाली नाही म्हणून. एकत्रित ताळेबंदात ही दोन्ही कारणे सारखीच दिसतात.

कोल्हापूरजवळच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या पट्ट्यातील फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने, आणि मशीन शॉपमध्ये दुसरे कारण किती खरे आहे, हे तिथे काम करणाऱ्या कोणालाही विचारावे. वितळलेल्या लोखंडाने भाजणे, फेटलिंग म्हणजे ओतीव भाग घासून साफ करताना डोळ्यात कण जाणे, पॉवर प्रेसखाली बोटे जाणे हे इथले नेहमीचे अपघात आहेत. ठेकेदाराकडच्या मुलाला असे काही झाले की पुष्कळदा त्याला आधी खासगी दवाखान्यात नेले जाते, बिल भरले जाते, वर थोडी रोख हातात दिली जाते आणि अपघाताचा अहवाल विमा कार्यालयाकडे जातच नाही. वास्तविक कामावरील अपघाताच्या लाभासाठी अमुक महिने अंशदान भरलेले असण्याची अट नाही, पहिल्या दिवशी झालेला अपघातही त्यात बसतो. इतकेच नव्हे, तर 2010 च्या दुरुस्तीपासून घर आणि कारखाना यांच्या दरम्यान येता-जाता झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचा धरला जातो. रात्रपाळी सुटल्यावर पुणे-बंगळूर महामार्गावरून दुचाकीने गावाकडे परतणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

महिना 15,000 रुपये पगार असलेल्या कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे सुमारे 113 रुपये कापले जातात आणि मालकाचे 3.25 टक्के मिळवून महिन्याला साधारण 600 रुपये भरले जातात. त्यातून आजारपण, बाळंतपण, औषधोपचार हे सगळे भागते, त्यामुळे अपघाताच्या वाट्याला नेमके किती जाते हे पगाराच्या स्लिपवरून कळण्याचा मार्ग नाही. उलट तात्पुरत्या अपंगत्वात मिळणारा लाभ मजुरीच्या सुमारे 90 टक्के आहे. हा लाभ वेळेवर मिळाला तर घर चालते. उशिरा मिळाला तर तोवर सावकाराचे व्याज सुरू झालेले असते. म्हणून माझ्या मते या योजनेचे वार्षिक यश मोजण्याचा सर्वांत खरा आकडा शिल्लकीचा नसून अपघाताच्या तारखेपासून पहिली रक्कम खात्यात पडेपर्यंत लागलेल्या दिवसांचा आहे.

तेव्हा आपणांस विनंती अशी की, महामंडळाच्या येत्या वार्षिक अहवालापासून प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र पान असावे. त्यात जमा झालेले अंशदान आणि अपघातापोटी दिलेली रक्कम समोरासमोर छापावी. किती अपघात कळवले गेले, त्यांतले किती कंत्राटी कामगारांचे होते, किती दावे कोणत्या कारणाने नाकारले गेले, अपंगत्व ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे किती प्रकरणे अजून अडकली आहेत आणि मृतांच्या वारसांना आश्रित लाभ सुरू होण्यास किती काळ लागला, हेही त्यात यावे. गुंतवणुकीवरील व्याज वेगळे दाखवावे, म्हणजे अंशदान आणि लाभ यांचा ताळमेळ त्याच्या आड झाकला जाणार नाही. ही माहिती दाव्यांच्या कागदपत्रांत आधीच असते, त्यामुळे नवी यंत्रणा उभारण्याची गरज पडू नये. ते पान मराठीत छापून शाखा कार्यालयाच्या आणि प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या फलकावर लावावे, आणि ज्या कारखान्यातून वर्षानुवर्षे एकही अपघात कळवला जात नाही, तिथे निरीक्षकाने आधी जावे.

आपला,
एक निवृत्त फौंड्री सुपरवायझर
कोल्हापूर