बाई, आधी हिशेब मांडायला लावलात, त्यासाठी थँक्यू

प्रिय बाई,

सलाम.

तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे पहिली भीती ही की तुम्ही चष्मा लावून ऱ्हस्व दीर्घ तपासत बसणार. बसा. उघडंच लिहितेय कारण समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घेतलास का" म्हणून विषय बदलता, हे अख्ख्या मंडळीला माहितीये. दुसरं असं की क्षमेवरचे मेसेज ग्रुपवर रोज सकाळी येतात, गुलाबाच्या फोटोवर, "क्षमा करा, मोकळे व्हा" वगैरे, आणि खरं सांगू का, त्यांचा मला काडीचा उपयोग झाला नाही, उलट डोकं फिरायचं. उपयोग तुमचा झाला. तो कसा झाला हे आणखी चार जणांना कळलं तर बिघडलं कुठे.

ज्यांना बाई माहीत नाहीत त्यांच्यासाठी, आमच्या नगरच्या (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) शाळेत बाईंनी आयुष्यभर गणित शिकवलं, रिटायर झाल्यावर चर्चचं संडे स्कूल आणि महिला संघाची प्रार्थना. पाळकसाहेब बदलून जातात, नवीन येतात, बाई तिथेच.

माझं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ते काही जगावेगळं नाहीये, घरोघरी हेच चाललेलं असतं. पप्पा गेल्यावर दादा म्हणाला घर माझ्या एकट्याच्या नावावर असलं की कामं सोपी होतील, विकलं की तुझा वाटा देतो, मी हक्कसोड पत्रावर सही केली, सख्ख्या भावाकडे कोण लेखी मागतं. पुढे घर विकलं गेल्याचं मला शेजारच्या काकूंच्या फोनवरून कळलं. वाटा तर नाहीच, साधा फोनसुद्धा नाही. पैशाचं दुःख होतंच, नव्हतं असं म्हणणार नाही, पण ज्या ओट्यावर मम्मी नाताळच्या करंज्या करायची तो ओटा तोडायच्या आधी मला एकदा बोलावलं पण नाही, हे जास्त लागलं. मग काय, रात्रंदिवस तेच. दुखरी दाढ कशी आपण जिभेने सारखी चाचपतो, तसं. नवऱ्याला सांगून झालं, ऑफिसात सांगून झालं, एकदा तर पुण्याच्या शिवाजीनगरहून नगरच्या तारकपूरला येणाऱ्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईला सांगितलं, तिने शिरूर यायच्या आत झोपेचं सोंग घेतलं.

चर्चमध्ये ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे एकच म्हणाले, जाऊ दे, आपण ख्रिस्ती आहोत, क्षमा कर. आणि मग लगेच, पैसा काय आज आहे उद्या नाही. हे बोलणाऱ्यांची स्वतःची कंपाउंडच्या भिंतीवरून कोर्टात केस चालू असते बरं का.

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही एक वही पुढे सरकवली आणि म्हणालात, "लिही. काय काय घेतलं त्याने तुझं?" मला वाटलं चेष्टा करताय. तुम्ही बायबलमधला मत्तयचा १८ वा अध्याय काढलात, तो निर्दयी चाकराचा दाखला (राजा एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ करतो, आणि तोच चाकर दुसऱ्या चाकराला शंभर दिनार सोडत नाही), जो मी लहानपणापासून पाठ ऐकलाय, आणि बोट ठेवून दाखवलंत की राजा सगळ्यात आधी काय करतो? हिशेब घ्यायला बसतो. माफ नंतर करतो. "आकडाच माहीत नाही तर सोडणार काय? हवा?" असं तुम्ही म्हणालात.

मग गणित. दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. ते तुम्ही वहीच्या मागच्या पानावर भागाकार करून दाखवलंत, शून्यं खोडत खोडत. इथपर्यंत सगळेच प्रवचनात सांगतात, की देवाने आपलं एवढं सोडलं मग तुम्हाला काय होतंय. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. तुम्ही दुसऱ्या चाकराचे शंभर दिनार घेतलेत आणि म्हणालात, "हे थोडे आहेत का? शंभर दिवसांची मजुरी आहे. गरिबाच्या घरात तीन-चार महिने चूल पेटते त्याच्यावर. प्रभूने एक दिनार नाही म्हटलं, शंभर म्हटलं. तुझं नुकसान खरं आहे." बाई, त्या वाक्यावर मी जी रडले ना, इतके दिवस कुणी एवढंच म्हणायला पाहिजे होतं की हो, तुझं नुकसान झालंय. सगळ्यांना मला क्षमेपर्यंत पळवत न्यायची घाई, तुम्ही एकट्याच माझ्या नुकसानीपाशी थांबलात.

मी लिहिलं. घराची किंमत, माझा वाटा, ओटा, मम्मीचं शिवणाचं मशीन, न केलेला फोन. पान भरलं. तुम्ही नीट वाचलंत, एका ठिकाणी बेरीज चुकली होती ती दुरुस्त पण केलीत (!) आणि म्हणालात आता हे घेऊन घरी जा, रोज रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे आलीस की थांबायचं, दादाचं नाव घ्यायचं. मी विचारलं, मनातून नाही निघालं तर? तुम्ही म्हणालात, "मग देवाला सांग, आज होत नाही. पण ओळ गाळायची नाही." हे मला झेपण्यासारखं वाटलं, कारण त्यात खोटं बोलावं लागत नव्हतं. आणि बरेच दिवस मी तेच सांगितलं, आज होत नाही. आज पण नाही. आज तर अजिबातच नाही, त्याने स्टेटसला नवीन गाडीचा फोटो टाकलाय.

तुमचा दुसरा नियम जास्त अवघड गेला. ज्याला ही गोष्ट माहीत नाही त्याला सांगायची नाही. आणि ज्याला माहितीये त्याला परत सांगायची नाही. बोलायचंच असेल तर त्याच अध्यायाच्या पंधराव्या ओवीप्रमाणे ज्याने केलं त्याच्याशी, एकट्यात. बाई, हे पाळताना मला कळलं की मी दिवसभरात किती वेळा तो विषय काढायची, भाजी निवडताना, डब्याच्या सुट्टीत, कुणाच्याही घराचा विषय निघाला की माझं सुरू. ते बंद केलं तर जेवताना बोलायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं, नवऱ्याने तुम्हाला वेगळं थँक्यू सांगितलंय.

मग तो पहिल्या रविवारचा प्रसंग. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तुम्ही फोन करून फक्त विचारलंत, "मत्तय पाच, तेवीस-चोवीस वाचलंस का?" अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. आता त्यात तर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर असं आहे, इथे उलटं होतं, मी म्हटलं पण तसं, तर तुम्ही म्हणालात की जाऊन तर बघ, त्याच्याही मनात असेल काहीतरी. मला हसू आलं. पण गेले दादाकडे सावेडीला.

दादाने चहा केला. वहिनी माहेरी गेली होती. तो शुगरबद्दल बोलला, पाण्याच्या टँकरबद्दल बोलला, सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल बोलला, बोलतच राहिला कारण त्याला कळत होतं मी कशाला आलेय. मी घरून पाठ करून गेले होते ते म्हटलं, "दादा, तू घर विकलंस, मला सांगितलं नाहीस, वाटा दिला नाहीस, मला ते फार लागलं. मी ते सोडतेय. मागणार नाही." सिनेमात असतं तर तो रडला असता. तो म्हणाला, "सोडायचं काय त्यात, सही तूच केली होतीस ना." आणि मग जरा वेळाने टीव्हीकडे बघत, "पप्पांच्या हॉस्पिटलचं बिल कुणी भरलं ते विचारलंस का कधी?" नव्हतं विचारलं. तुम्ही म्हणाला होतात तसं त्याच्याही मनात होतं. त्या बिलाने हिशेब बरोबर होत नाही हे मला माहितीये आणि मला वाटतं त्यालाही माहितीये, पण तोपर्यंत मला वाटत होतं की वही फक्त माझ्याकडेच आहे.

रागाने परत आले आणि सरळ तुमच्याकडे, की बघा, काय उपयोग झाला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तू तुझं सोडलंस ना? त्याने काय करायचं ते त्याचं. वधस्तंभावरून प्रभू म्हणाला हे बापा त्यांना क्षमा कर, तेव्हा खाली कुणी माफी मागत होतं का? चिठ्ठ्या टाकून कपडे वाटून घेत होते." दर गुड फ्रायडेला सप्तोक्तीच्या (वधस्तंभावरच्या प्रभूच्या सात वचनांच्या) उपासनेत मी हे ऐकते, पण त्या चिठ्ठ्या टाकणाऱ्यांकडे माझं लक्ष कधी गेलंच नव्हतं.

आणि एका गोष्टीसाठी तर मी तुमची कायम ऋणी राहीन, तुम्ही क्षमेच्या नावाखाली मला बावळट होऊ दिलं नाहीत. पुढे दादाने पप्पांच्या गावाकडच्या जमिनीच्या कागदावर सही मागितली तेव्हा मी विचारलं, आता क्षमा केलीये तर सही करावी लागेल का? तुम्ही म्हणालात, वकील बघ आधी. बायबलमधल्या योसेफाचं उदाहरण दिलंत, ज्याला भावांनीच विकलं होतं, त्याने भावांना पोटभर धान्य दिलं पण ओळख लगेच दिली नाही, बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवून बघितलं की हे बदललेत का तसेच आहेत, धाकट्याला टाकून पळतात का उभे राहतात. त्यातला एक भाऊ यहूदा उभा राहिला तेव्हा कुठे योसेफ रडला आणि ओळख दिली. क्षमा आपण एकट्याने करू शकतो, भरवसा समोरच्याने कमवायचा असतो, हे मी तुमच्याकडून शिकले. सही मी केली, पण वकिलाने वाचल्यावर, आणि माझं नाव ठेवून. दादा चार दिवस फुगला, मग झालं.

हेच तुम्ही आपल्या ओळखीतल्या त्या पोरीच्या वेळी केलंत, नाव घेत नाही. नवरा मारायचा आणि घरची मोठी माणसं बायबल हातात घेऊन सांगत होती सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर, नांदायला जा. तुम्ही तेव्हा जो आवाज चढवलात तो मी शाळेतही ऐकला नव्हता. "क्षमा मार खायला नाही सांगितली," म्हणून तिला स्वतः रिक्षात घालून पोलीस स्टेशनला नेलंत. ग्लॅडिस स्टेन्स यांचं तुम्ही तेव्हाच सांगितलंत. १९९९ च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला त्यांचा मिशनरी नवरा ग्रॅहम आणि दोन लहान मुलगे, फिलिप आणि तिमथी, गाडीत झोपलेले असताना जाळले, ग्लॅडिस यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली असं जाहीर सांगितलं आणि बारिपद्याच्या कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालवलं. पण म्हणून खटला थांबला नाही, तो पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २०११ मध्ये जन्मठेप कायम झाली. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे आपल्या लोकांना का समजत नाही कोण जाणे.

तरी मोठ्यांची उदाहरणं तुम्ही जपूनच देता, ते मला आवडतं. महिला संघात कुणीतरी सिस्टर राणी मारियांचं सांगितलं होतं, इंदूरकडच्या, आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करायच्या, १९९५ मध्ये बसमधून ओढून भोसकून मारलं, आणि त्यांच्या बहिणीने, त्याही सिस्टरच, जेलमध्ये जाऊन खुन्याला राखी बांधली. सगळ्या बायका धन्य धन्य करत होत्या. तुम्ही विचारलंत, राखी कधी बांधली? २००२ ला. "मधली सात वर्षं पण सांगत जा," म्हणालात. बस, एवढंच. त्या दिवशी माझ्यासारख्या दोघी-तिघींना हायसं वाटलं असणार, ज्यांची अजून मधली वर्षं चाललीयेत.

आणि ते नाताळच्या फराळाचं लिहिल्याशिवाय पत्र संपवता येणार नाही. संघातल्या त्या दोघी, वर्षभर एकमेकींना सलाम पण करत नव्हत्या, सगळे समेट घडवायला बघत होते, पाळकीणबाईंनी प्रार्थना ठेवली, काही होईना. तुम्ही करंज्यांच्या दिवशी दोघींना एकाच परातीसमोर बसवलंत, एकीला पारी लाटायला, दुसरीला सारण भरून कडा दुमडायला. "बोलायची गरज नाही, करंज्या करा." पारी जाड झाली तर भरणारीला सांगावंच लागणार. तासाभराने पहिलं वाक्य आलं, "जरा पातळ लाट की." मग "कातणं कुठंय." संध्याकाळपर्यंत दोघी मिळून तिसरीच्या चकल्यांना नावं ठेवत होत्या. याला समेट म्हणायचं का मला माहीत नाही, पण नाताळच्या उपासनेला एकाच बाकावर होत्या.

माझं विचाराल तर, पुतण्याच्या हळदीला गेले तेव्हा कुणीतरी नवीन घराचं कौतुक केलं आणि माझ्या पोटात परत तेच, जसं काही सोडलंच नव्हतं. पूर्वी मला वाटलं असतं की माझी क्षमा खोटी होती. आता रात्री त्या ओळीपाशी थांबते, नाव घेते, पुढे जाते. हल्ली नावांची यादी वाढलीये, पार्किंगमध्ये गाडी आडवी लावणारा पण असतो त्यात, माझा साहेब तर परमनंट, आणि त्यांच्या यादीत मी असेनच की.

दादाने या महिन्यात पहिल्यांदा आपणहून फोन केला, मम्मीचं मशीन माळ्यावर सापडलं म्हणे, घेऊन जा. बघू, दिवाळीच्या सुट्टीत टेम्पो करून आणीन. तुमच्यासाठी गुडघ्याचं तेल पण आणतेय, नको म्हणू नका. आणि ती वही अजून तुमच्याकडेच आहे, मागच्या पानावरच्या भागाकारासकट, ती मला परत हवीये.

तुमची जुनी विद्यार्थिनी,
गणितात कायम काठावर पास